कड्यावरची रुपेरी बाभूळ

तात्यांना बी हवं होतं, आणि ते जगात एकाच झाडावर उरलं आहे असं त्यांचं म्हणणं. जगाचं मला ठाऊक नाही. धार जिल्ह्यापुरतं खरं असावं. झाड ऑस्ट्रेलियातल्या बाभळीचं. काटा नाही, पानं रुपेरी, आणि थंडीत अंगभर हळदीच्या रंगाचे गोंडे. तात्या म्हणजे माझे काका. धारला त्यांची रोपवाटिका आहे. देवासजवळच्या एका नव्या रस्त्याच्या डाव्या बाजूला त्यांनी चार वर्षांपूर्वी हीच झाडं लावली, पण ती अजून एकदाही फुललेली नाहीत. उजवी बाजू राहिली, कारण रोपवाटिकेतलं बियांचं झाड वादळात पडलं. आजोबांनी संस्थानच्या बागा राखल्या, लोक अजून नाव काढतात. तात्यांचं नाव काढावं असं कुठे काही नाही. हा रस्ता दोन्हीकडून पिवळा झालेला बघायचा, हे वेड त्यांनी सत्तरीत घेतलेलं.

म्हणून कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही तिघं तिरला गावाच्या पुढे दरीच्या काठावर उभे होतो: तात्या, मी विद्युल्लता आणि देवासचा जीपवाला वीरेंद्र. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून तात्यांच्या मते मला सगळं येतं. खाली, मनावर गावाकडे उतरणाऱ्या कड्यावर, आजोबांनी पडक्या चौकीपाशी लावलेलं ते झाड होतं. त्याची पोरंबाळं पलीकडच्या उतारावर पसरली होती, पण उन्हाळ्यात वणवा लागला आणि उतार जळून गेला. वाचलं ते कड्यावरचं एकटं.

"तात्या, रस्ता तो दिखता ही नहीं," वीरेंद्र म्हणाला.

"मला दिसतो. तू दोर घे."

वाट पहिल्या वळणालाच संपली! पावसाने ती धुऊन नेली होती. सागाची रोपटी धरत, मुरमावरून बसत-घसरत आम्ही उतरलो. दोनदा माझा पाय निसटला, आणि दोन्ही वेळा तात्यांनी मला सावरलं, याचं श्रेय ते वर्षभर घेणार होते. तासाभराने झाड दिसलं. चौकीपाशीची कडा केव्हाच ढासळली होती, आणि झाड आमच्या खाली, दोन पुरुष खोल, हातभर रुंद कपारीत उरलं होतं.

तात्या कमरेला दोर बांधू लागले. मी तो सोडवून माझ्या कमरेला बांधला. हट्ट घरी शोभतो, कड्यावर नाही. वीरेंद्रने दुसरं टोक खडकाला वेढलं आणि मी उतरले. झाड कळ्यांनी लगडलेलं होतं, आणि त्यातच गेल्या मोसमातल्या वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या. मी भराभर तोडल्या. पिशवी भरली. तेवढ्यात पायाखालचा दगड हलला.

दगड गेला. मी गेले! दोर कचकन ताणला गेला, खांदा कड्यावर आपटला. पाय हवेत. खाली बघू नको, बघू नको, असं मी स्वतःलाच ओरडत होते.

"ताई, हात मत छोड़ना!"

दोघांनी ओढून वर घेतलं. तात्यांनी आधी माझा खांदा चाचपला, मग पिशवी. काळं, चकचकीत बी तळहातावर घेऊन ते चक्क रडले.

आल्या वाटेने चढणं अशक्य होतं, म्हणून पलीकडच्या जळलेल्या उतारावरून वळसा घातला. मला राख दिसेल असं वाटलं होतं. उतार हिरवागार होता!

"लो तात्या, जंगल वापस आ गया," वीरेंद्र खूश झाला. "खैर आहे ना हा?"

गुडघाभर रोपं, बुंध्याशी खैरासारखी बारीक पिसासारखी पानं. तात्या कौतुकाने वाकले, आणि तसेच खाली बसले. पिसांच्या वरची पानं अख्खी होती. रुपेरी. इथे, तिथे, ओढ्यापर्यंत, पार समोरच्या टेकाडापर्यंत तीच बाभूळ. गवताची काडी नाही, पळसाचा फुटवा नाही.

"पेरण्याआधी मी या बियांचं काय करतो?" तात्यांनी विचारलं.

"उकळतं पाणी ओतता."

"त्याशिवाय कवच उघडत नाही. नाहीतर वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं." त्यांनी एक रोप उपटून हातात घेतलं. "वणव्याने सगळ्या डोंगराला एकदम जागं केलं. आणि मला चाळीस वर्षांत हे सुचलं नाही."

"फेक दो ओढ्यात," वीरेंद्र पिशवीकडे बघत म्हणाला.

"ओढा मनावरपर्यंत पेरत जाईल."

"तो जला दो."

तात्यांनी नुसता उताराकडे हात केला. मग ओढ्याकाठच्या सपाट कातळावर बसून, एक गोटा घेऊन त्यांनी बी वाटायला सुरुवात केली. मूठभर टाकायचं, वाटायचं, बोटाने चाचपून अख्खा दाणा राहिला नाही ना बघायचं. मी मदतीला बसले तर हात बाजूला सारला. जन्मभर बी रुजवणारा माणूस बियांचं पीठ करत होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

जीपपाशी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. वीरेंद्रने गाडी धारकडे वळवली.

"धार नको. देवासला चल."

"आज? वहाँ क्या काम?"

"कड्यावरच्या झाडाला कळ्या होत्या ना, विद्युल्लता?"

"भरपूर होत्या."

"मग रस्त्यावरच्यांनाही यंदा पहिल्यांदा आल्या असतील. फुलून शेंगा धरायच्या आत ती झाडं काढायला हवीत. कड्यावरचं आणि उतारावरची रोपं नंतर, माणसं घेऊन येऊ."

वीरेंद्रने माझ्याकडे बघितलं. मी जीपचं दार ओढून घेतलं.

"एकशे बारा झाडं आहेत," तात्या म्हणाले. "वाटेत कुऱ्हाड घे."