दहावं तोंड

"तो चिडला की भांडत नाही, गप्प होतो," लग्नाआधी होणाऱ्या जाऊबाईंनी मला बजावलं होतं. "तेव्हा दार उघडून बघायचं, बाई."

मी हसण्यावारी नेलं. गप्प बसणारा नवरा मिळतोय, आणखी काय हवं?

आमची गाठ पडली ती स्टुडिओच्या दारावरचा 'रेकॉर्डिंग चालू'चा लाल दिवा बंद पडल्यामुळे. आत मी कार्टूनमधल्या उडणाऱ्या नायिकेला आवाज देत होते. थिएटरचं तोंडही न बघता थेट घरच्या पडद्यावर येणारे ते सुपरहिरोंचे पिक्चर. खलनायकावर सोळाव्यांदा ओरडले, "मागे व्हा!" आणि चुकून आत शिरलेला एक उंच माणूस खरंच दोन पावलं मागे झाला.

मला हसू आवरेना. तो मात्र माझ्या ओठांकडे बघत राहिला...

"काय बघताय?"

"काम. तुमच्या नायिकेची तोंडं मीच काढतो."

आधी आवाज, मग त्यावर बेतलेले ओठ, अशी त्यांची रीत. उघडं, मिटलेलं, गोल अशी मोजून नऊ तोंडं. त्यांत म्हणे सगळी भाषा बसते. पण पिक्चर तयार होऊन आला तेव्हा माझी नायिका मित्राला 'हो' म्हणण्याआधी खालचा ओठ दातांत धरून थबकली. मीच तशी थबकते! तरातरा त्याच्या टेबलाशी गेले.

"माझं तोंड चोरलंत तुम्ही."

"नऊंत बसत नव्हतं... म्हणून दहावं काढलं."

"विचारायचं तरी."

"आता विचारतो," म्हणाला, आणि विचारलंच नाही. नुसता बघत राहिला. माझा ओठ कधी दातांत गेला, मला कळलंच नाही.

"हो समजू?" त्याने हळूच विचारलं.

आता आमची मुलगी दहा महिन्यांची आहे. आणि कंपनीने ठरवलंय, पुढचे सगळे पिक्चर यंत्र काढणार, त्याच्याच जुन्या चित्रांवरून. पहिला नमुना आम्ही घरी पाहिला. खलनायक म्हणाला, शहर जाळून टाकीन – आणि म्हणण्याआधी त्याने खालचा ओठ दातांत धरला. माझी लाज, त्या राक्षसाच्या थोबाडावर! माझं डोकंच फिरलं. नवऱ्याने नुसती पेन्सिल डबीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन मी ऑफिसात धडकले. निर्माते समजावू लागले, उद्याचे पिक्चर असेच निघणार, घरी बसून पोरं बघतात, तोंडाकडे बघतंय कोण?

"पोरंच बघतात," मी म्हटलं. "ही बोलायला शिकतेय. दिवसभर माझ्या तोंडाकडेच बघते."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

घरी येऊनही मी भांडी आपटत त्यांचा उद्धार करत होते. मग लक्षात आलं, आतून हूं की चूं नाही. त्याच्या खोलीचं दार सकाळपासून लोटलेलं. बाहेर मी ठेवलेला चहा, साय धरून तसाच. तीन दिवस त्याच्या वतीने मी जगाशी भांडत होते; त्याच्याकडे बघितलं नव्हतं. जाऊबाईंचं बोलणं आठवलं.

दार ढकललं. भिंतीकडे तोंड करून तो बसला होता. कागद कोरा.

"तुझं तोंड आठवेना गं," तो म्हणाला. "डोळे मिटले की त्या राक्षसाचंच दिसतं."

"मग मिटू नकोस. बघ."

तो वळला. मी काही बोलणार, तोच कडेवरच्या पिल्लाने नुकत्याच फुटलेल्या दोन दातांत स्वतःचा ओठ धरला, बापाकडे बघत, विचारात पडल्यासारखं.

तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग डबी उघडल्याचा आवाज आला.

"अकरावं," तो म्हणाला. "हे कुणाला द्यायचं नाही."

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. राग गेलेला नाही, जाणारही नाही. पण तुमच्या ओळखीचं असं कुणी हल्ली फार शहाण्यासारखं गप्प असेल... तर फोन करू नका. तो 'बरा आहे' म्हणेल. जा, दार उघडा, आणि त्याच्या तोंडाकडे बघा.