पहिलीचा वर्ग कुणाचा

दार उघडलं तेव्हा पहिलीचा अख्खा वर्ग तोंडासमोर कागदाची पट्टी धरून उभा होता, आणि दारात एक उंच तरुण. जिने चढून त्याला चांगलीच धाप लागली होती. कुणाचा तरी काका असेल, असं समजून वर्गाच्या बाईंनी त्याच्याही हातात एक पट्टी दिली.

“प म्हणा. कागद हलता कामा नये.”

तो म्हणाला… आणि कागद फडफडला. वर्ग खदखदून हसला. ‘फ’ म्हणताना श्वास जोरात बाहेर येतो म्हणून कागद हलतो, ‘प’ला नाही हलत, असं पुढच्या बाकावरच्या चिमुरडीने त्याला मोठ्या माणसाच्या थाटात समजावलं. त्याने बाईंकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग ऑफिस कुठे आहे ते विचारलं.

मधल्या सुट्टीत तो परत आला आणि त्याने वर्गाच्या बाईला तोंडावर सांगून टाकलं. तो कुणाचाच काका नव्हता. तिच्या जागी नेमायला मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याला बोलावलं होतं. शेजारच्या वर्गातली मुलं सगळी मुळाक्षरं घडाघडा म्हणत होती, आणि हिची अजून एकेका आवाजाशी खेळत बसली होती. महिनाअखेरीस तपासणी. मुलं नापास झाली तर वर्ग त्याचा. तोवर त्याने मागे बसून बघायचं.

तिला राग आला. आणि राग आला की ती फार गोड बोलायची.

“बसा की. बाक सहा वर्षांच्या मुलांचा आहे, गुडघे तेवढे तुमचे तुम्ही सांभाळा.”

तो गुडघे हनुवटीला टेकवून रोज बसला. सुरुवातीला वाद घालायचा, आम्ही पाठ करूनच शिकलो, आमचं काय वाईट झालं? ती म्हणायची, पाठ केलेलं पुस्तक उलटं धरूनही म्हणता येतं, त्याला वाचणं म्हणत नाहीत. हळूहळू त्याचे वाद थांबले. मुलांबरोबर तोही गळ्यावर हात ठेवून ‘क’ आणि ‘ग’ म्हणू लागला, ‘ग’ला गळा थरथरला की मुलांइतकाच खूश होऊ लागला. एकदा त्याने तिला डस्टर दिलं, आणि ते घेतल्यावरही कुणी हात मागे घेईना…

तिला स्वतःचाच संताप आला. आपल्या पोटावर पाय द्यायला आलेल्या माणसावर जीव जडतो म्हणजे काय! पण जडला होता खरा.

“असं बघत जाऊ नका,” ती म्हणाली. “वर्ग बघायला आलाय ना — वर्ग बघा.”

“वर्ग बघून झाला,” तो म्हणाला.

तपासणीला मोठ्या बाईंनी मुळाक्षरं म्हणायला सांगितली. मुलं थोड्याच वेळात अडखळली. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, म्हणजे निकाल लागल्यातच जमा. तेव्हा ती पुढे झाली. पाठांतर मी घेतलेलंच नाही, म्हणाली, त्यांना न पाहिलेलं काहीतरी वाचायला द्या. मोठ्या बाईंनी खडू त्याच्याच हातात ठेवला.

त्याने फळ्यावर लिहिलं, ‘टमाफूस’.

तिने तो मनातल्या मनात वाचला. हा असला शब्द? शेवटी माझा वर्ग घेण्याचा डाव साधलाच याने. पण पुढच्या बाकावरची चिमुरडी उठली. ट… मा… फू… स… टमाफूस! मग सगळेच ओरडले आणि पोट धरून हसले.

हा शब्द कुठल्याच पुस्तकात नाही, तो मोठ्या बाईंना शांतपणे म्हणाला, त्यामुळे पाठ असणं शक्यच नाही. मुलांनी तो वाचला.

“ज्याला अर्थ नाही ते वाचून करायचंय काय? सोमवारपासून वर्ग तुम्ही घ्या.”

“मी नाही घेणार.”

ती त्याच्यावरच उसळली. “माझ्यावर उपकार नकोत. माझं मला भांडता येतं.”

“उपकार कसले? तुमचा वर्ग घेऊन तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? आणि मला तर रोज उभं राहायचंय.”

तिचे कान तापले. तरी ती मोठ्या बाईंकडेच वळली. सोमवारी मी इथेच असेन, तिने सांगितलं. काढायचं असेल तर पालकांना बोलवा, त्यांच्यासमोर मुलांना वाचू द्या आणि मग काढा.

मोठ्या बाईंनी चष्मा परत लावला आणि फळ्यावरचा शब्द स्वतःच वाचून पाहिला. “वर्ग ठेवा तुमच्याकडेच,” त्या शेवटी तिला म्हणाल्या. “पण वर्ष संपायच्या आत मुळाक्षरं आली पाहिजेत.”

“येतील. आधी वाचता येऊ दे.”

शाळा सुटल्यावर जिन्यात तो भेटला, खांद्यावर पिशवी, हाताला काम नाही, आणि चेहऱ्यावर मात्र त्याचं दुःख औषधालाही नाही.

“आमच्या आईला बिननोकरीचा जावई चालणार नाही,” ती म्हणाली.

त्याने पिशवी खाली ठेवली. “आणि… तुम्हाला?”

“मला तुम्हीच हवे आहात. रविवारी घरी या. आईशी मी भांडते.”

वरून पोरांचा लोंढा धडधडत उतरत होता, त्यांच्यामागून मोठ्या बाईही. तिने त्याचा हात धरला, आणि सोडला नाही.