कोमलचा जीन

दोन हजार तीनचा हिवाळा. मध्य प्रदेशातल्या आमच्या देवासमध्ये बत्ती कधी गुल होईल याचा नेम नसायचा. आणि आमच्यासारख्या शोभेच्या माशांच्या दुकानात बत्ती गेली की हवेचा पंप बंद, मासे वर येऊन आ वासायला लागतात. त्या दिवशी बत्ती गेली आणि तात्या, म्हणजे माझे वडील, नेमके जेवायला घरी गेलेले. समोरून हेल्मेट हातात घेऊन एक जण रमतगमत चाललेला.

"ओ भिया, बघता काय? हा मग्गा घ्या, पाणी काढा आणि उंचावरून परत टाकीत ओता!"

आला बिचारा. बत्ती येईपर्यंत ओतत राहिला. शर्ट भिजला, चष्मा भिजला... मग म्हणतो कसा, "मजुरीत झेब्रा मासे मिळतील?"

चक्क मराठीत! मी तर हिंदीत हुकूम सोडला होता. लाजलेच.

शंतनू त्याचं नाव. इंडस्ट्रियल एरियातल्या औषध कंपनीच्या लॅबमध्ये होता.

"झेब्राच कशाला?"

"हृदयाच्या पेशींत पोटॅशियमला बाहेर पडायची दारं असतात. झेब्राच्या त्या दाराचा जीन आम्ही क्लोन केलाय, म्हणजे हुबेहूब नक्कल. ती ताज्या अंड्यात टोचायची, आणि कुठल्या औषधाने पिल्लाच्या काळजाचा ठोका चुकतो ते बघायचं."

"ठोका चुकायला औषध कशाला लागतं?" मी माशांकडे बघत म्हटलं.

तो हसला. गालाला खळी! मेले मी.

"आम्ही... म्हणजे कोण?"

"मी आणि कोमल. क्लोन खरं तर तिचाच. काय हात आहे तिचा!"

झालं! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी जाळं घातलं आणि वेचून वेचून नर दिले. नर सडपातळ, मादी पोटाशी गोल, माशावाल्याच्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. घे म्हटलं, बस आता पहाटे कोमलसोबत अंड्यांची वाट बघत!

तो परत आला. "अंडीच नाहीत गं."

"हवा मानवली नसेल. दुसरे देते."

दुसरेही नरच.

मग तो येतच राहिला. येताना पुड्यात गराडू कंदाचे गरमागरम तळलेले तुकडे आणायचा, आणि खाताना बोलायचा कोमलबद्दल. कोमल अशी, कोमल तशी... खोटं कशाला बोलू, जळून खाक होत होते मी.

एका दुपारी एक मुलगी दुकानात शिरली. मेलीची वेणीसुद्धा सुंदर.

"रुचा तूच ना? मी कोमल. शनिवारपर्यंत अंडी नाही मिळाली तर काम बंद, शंतनूची नौकरी पण गेली. मी म्हटलं इंदूरहून मासे आणू, तर ऐकतच नाही यार! म्हणतो, आणेन तर रुचाकडूनच."

मी घाईने जाळं धुवायला घेतलं.

"सगळे नर आहेत," ती हळूच म्हणाली. "मी आज नीट पाहिलं. त्याला सांगितलं नाहीये. माझ्यावर जळलीस? पागल!"

संध्याकाळी पिशवीभर माद्या घेऊन मी कंपनीच्या गेटवर.

"या माद्या. आधीचे... सगळे नर होते. मुद्दाम दिले मी."

त्याचा चेहरा उतरला. "नोकरी गेली असती माझी, रुचा. का केलंस?"

"तू सारखं कोमल, कोमल—"

"अगं, मला जीनशिवाय दुसरं बोलता कुठे येतं? आणि जीन तिचा!"

"मग इंदूरहून आणायचे ना मासे!"

"आणि तुझ्याकडे काय सांगून येऊ?" तो चिडूनच ओरडला. "आवडतेस तू मला... कळलं?"

वॉचमन खोकला. माझे कान तापले. "मलाही," एवढंच कसंबसं म्हटलं.

शनिवारी पहाटे मीही लॅबमध्ये हजर. रात्रभर नर आणि मादीच्या मधे काच ठेवतात, उजाडलं की ती काढायची, मग मादी अंडी घालते. कोमलने हात पुढे केला. तिचं रोजचंच काम ते. पण माझ्याने राहवेना.

"थांबा ताई, मी काढते." काच उचलता उचलता मी शंतनूकडे वळले. "आणि आजपासून तूसुद्धा यांना ताईच म्हणायचं!"