दिगूच्या खोलीचा चुना

कासवकोटाच्या धक्क्याला होडी लागली तेव्हा हेमलताबाईंचे गुडघे चांगलेच कुरकुरत होते. सत्तरीत कोण किल्ले चढतं! पण त्यांना किल्ला पाहायचाच नव्हता. बंदराच्या तोंडावरच्या या कोटात आधी तोफा होत्या, मग मीठ साठवलं, प्लेगचे रोगी ठेवले आणि शेवटी कैदी. त्यांचा थोरला भाऊ दिगू संपात पकडला गेला आणि इथेच न्यूमोनियाने गेला. वडिलांनी कुणालाही भेटायला जाऊ दिलं नाही. पन्नास वर्षांत बाई त्याचा आवाजच विसरल्या होत्या. ते त्यांना फार लागे.

आता भिंतवाचक नावाचं यंत्र निघालं होतं. ओला चुना हवा शोषत हळूहळू दगड होतो. त्या काही तासांत जवळच्या आवाजाची थरथर त्याच्या कणांत गोठते, ती हे यंत्र वाचतं. दिगूच्या शेवटच्या पत्रात होतं, 'दिवाळीआधी आमच्या खोलीला आम्हीच चुना मारला. मी दिवसभर गात होतो, सगळे वैतागले.'

"म्हणजे आवाज सापडायलाच हवा," यंत्र चालवणारी शलाका म्हणाली.

राखणदार महादू तांडेलने कुलूप काढलं. खोली लख्ख पांढरी होती. शलाकाचा चेहरा उतरला, तरी तिने यंत्र भिंतीला लावलं. आधी खरखर ऐकू आली, मग महादूचाच आवाज. "तो राहिलेला कोपरा नीट खरवड गं. बाई लांबून भावाला ऐकायला येतायत."

"आणि खालचा थर?" बाईंनी विचारलं.

"खाली थेट दगड आहे," शलाका म्हणाली.

महादू गोंधळला. "पोपडे सुटले होते हो. पाहुणं माणूस येणार आणि तसली भिंत दाखवायची? आधी खरवडूनच चुना मारतात ना, ताई?" मागे उभी असलेली त्याची बायको पदर तोंडाशी धरून खाली बघत राहिली.

त्याच्यावर ओरडावं असं बाईंना फार वाटलं. पण ओरडणार कोणत्या तोंडाने? पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांनीही हेच केलं असतं.

"खरवडलेलं टाकलं नाही काही. गोणीत आहे सगळं," महादू पुटपुटला.

बाईंनी गोणीत हात घातला. पांढरी भुकटी बोटांतून गळत राहिली.

"पुढेमागे हे जुळवता येईल का गं?"

"आज तरी नाही. पुढचं मला सांगता येत नाही," शलाका म्हणाली.

बाईंनी गोणीचं तोंड आवळलं. एकटीने उचलून पाहिली, जागची हलेना. मग त्या महादूकडे वळल्या.

"होडीपर्यंत हात लावाल का?"