गोधडीतला लॅपटॉप

"पट्टे कवापासून हायेत?"

साखऱ्याहून सेनगावला निघालेल्या जीपमध्ये मी लॅपटॉप उघडला होता, आणि शेजारी चेपून बसलेल्या तरुणानं डॉक्टरनं ताप विचारावा तसं विचारलं. मी रागानं झाकण मिटलं. माझ्या पडद्यावर डोकावणारा हा कोण लागून गेला!

"कालपासून," तरीही मी म्हणाले. रडूच येत होतं. त्या हिरव्या-गुलाबी पट्ट्यांमागे मी तीन महिने खपून काढलेली थ्रीडी घरं होती. शुक्रवारी नांदेडच्या आर्किटेक्टसमोर बसून, माझ्याच लॅपटॉपवर त्यातली एक खोली बदलून दाखवायची होती. जमलं तर नोकरी.

तो रत्नपाल. सेनगावच्या स्टँडमागे त्याचं दुरुस्तीचं दुकान. त्यानं लॅपटॉप जुन्या टीव्हीला जोडला. तिथंही तेच पट्टे!

"पडदा चांगला हाय. नवा टाका म्हणलं कुणी, तर ऐकू नका. ग्राफिक्सची चिप चाललीय."

"सस्त्यात काय व्हईल?"

"चिप बंद करून टाकतो, फुकटात. पर मग ही घरं फिरणार न्हाईत. न्हाईतर भंगारातला जुना बोर्ड बसवू, त्याला महिना लागंल. अन् तिसरं... चिपला गरम हवा मारतो. चालू व्हईल. पर किती दिवस, ते मी सांगत न्हाई."

"शुक्रवारपर्यंत तरी?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. किती वेळ, ते मलाही सांगता येणार नाही.

"मारतो. पर एसटीत धक्का लागला की गेला समजा. मांडीवर गोधडी, तिच्यात हा... जमंल?"

"न्हाई जमायचं," मी म्हणाले. खरं तर जमलं असतं.

"मग... मी येऊ?"

शुक्रवारी एसटीत तो खिडकीशी बसला, मांडीवर गोधडीचं गाठोडं घेऊन. प्रत्येक खड्ड्याला ते अलगद वर उचलायचा. बाहेर तूर पिवळी फुलली होती, पण त्याचं लक्ष गाठोड्यात, आणि माझं — जाऊ द्या!

पलीकडच्या बाकावरची म्हातारी कौतुकानं वाकली. "लेकरू किती महिन्याचं हाय गं?"

रत्नपाल कानापर्यंत लाल झाला. "आजी, पाच वर्षांचं..."

"बापच सांभाळतोय! नशीब काढलंस पोरी."

हे लेकरू नाही, हा माझा नवरा नाही, असं मी सांगायला हवं होतं. मी नुसती हसले.

आर्किटेक्टच्या टेबलावर लॅपटॉप चालू झाला. खोली बदलली, खिडकी पूर्वेला घेतली, घर गोल फिरलं. ते "छान" म्हणाले आणि पुढच्याच मिनिटाला पट्टे परत आले. पण नोकरी मिळाली होती!

परतीच्या एसटीत मी आनंदानं सगळं सांगितलं. एक तारखेपासून नांदेडला राहायचं. कॉम्प्युटर ऑफिसचाच.

तो हळूच म्हणाला, "म्हणजे याचं काम संपलं. चिप बंद करून देऊ?"

"न्हाई. जुना बोर्डच शोधा. मी दर शनिवारी बघायला येते..." मी बाहेर बघत म्हणाले. "अन् घाई करू नका."

"ते मला जमत न्हाई. बोर्ड उद्या गावला तर उद्याच बसवणार."

माझा चेहरा पडला. असला कसला हा सरळ माणूस!

"काहून तोंड पाडलं?" तो म्हणाला. "लॅपटॉप नीट व्हईल. तुमी तरीबी या ना, दर शनिवारी. मला तुमी आवडता, संध्या. जीपमध्येच आवडल्या. त्याच्यात लॅपटॉपचा काय संबंध?"

"व्हय," मी कसंबसं म्हणाले. "येते."

तेवढ्यात एसटी दाणकन खड्ड्यात आदळली. या खेपेला त्यानं गाठोडं उचललं नाही. माझा हात धरला.