एक तास आधी

वर्ग सुरू व्हायला अजून तासभर आहे, हे मला पडद्यावर तो दिसल्यावर कळलं. परदेशातल्या त्या शाळेशी आमच्या शाळेची नुकतीच जोडी जमली होती. दोन्हीकडची मुलं पडद्यावरून एकत्र विज्ञान शिकणार होती. पण त्यांच्याकडे हिवाळ्यासाठी घड्याळं मागे केलीत, हे मी साफ विसरले!

समोर तिकडच्या प्रयोगशाळेत तो, त्यांचा विज्ञानाचा शिक्षक, एकटाच, हातात पावाचा तुकडा.

"बाई, तुम्ही... लवकर आलात?" त्याने घाईघाईने घास गिळला. देश वेगळे, पण घरची भाषा एकच निघाली.

"घड्याळाने घोटाळा केला. चालू द्या तुमचं."

"तुम्ही अशा बघत बसलात, तर घास कसा उतरणार?"

मी इतकी गडबडले, की कॅमेऱ्याऐवजी खोलीतला दिवाच बंद केला.

पुढच्या वर्गाला वेळ नीट ठाऊक होती. तरी मी तासभर आधी बसले. तोही हजर!

"घड्याळ बिघडलेलंच का अजून?"

"हो ना... दुरुस्तच होत नाही मेलं."

मग ते नेहमीचंच झालं. ठरवायचा असायचा सावल्या मोजायचा प्रयोग, आणि गप्पा भलत्याच. हे प्रेम, की नुसती सवय? काही म्हणजे काही उमगेना. आई म्हणालीच, "शाळेत जाताना हल्ली आरसा सुटत नाही तुझा. काय भानगड आहे?"

अशात शिक्षकांची अदलाबदल ठरली. आमच्यातल्या एकाने वर्षभर तिकडे जायचं, त्यांच्यातल्या एकाने इकडे यायचं. मी गुपचूप नाव दिलं. त्याला चकित करायचं होतं ना!

नावं जाहीर झाली, तेव्हा पडद्यावर तोही होता. इकडून मी. आणि तिकडून... तो!

"अहो, मी तर तुमच्यासाठी..." तो अडखळला.

"मग मी काय तुमच्या भिंती बघायला येत होते?"

"दोघंही विज्ञानाचे! छान जमलं की," मुख्याध्यापिका खूश.

"छान कसलं, मॅडम! हे माझ्या प्रयोगशाळेत, मी यांच्या. भेटायचं कधी?"

शिक्षकखोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले. चित्रकलेचे सर खाकरले, "मी जातो की तिकडे. कधीचा बॅग भरून बसलोय."

"म्हणजे... मी येऊ?" पडद्यावरून हळूच आवाज आला.

"या ना! आवडता तुम्ही मला, अजून काय सांगू?"

पहिल्या दिवशी तो शाळेत तासभर आधी पोचला. मी फाटकातच उभी होते... चुकून हं!