दोन माणसं, एक कुत्रा

एक विचारू तुम्हाला? विश्वास कुणावर ठेवावा, समोर उभ्या असलेल्या माणसावर की त्याच्याबद्दल कागदावर लिहिलेल्या ओळीवर? घाई नका करू, चहा घ्या आधी. धंद्यात मुरलेला माणूस हसून म्हणेल, कागदावर. प्रबोधही तेच म्हणायचा, आणि हसूनच म्हणायचा.

प्रबोध म्हणजे जहाजांना माल पुरवणारा. इथल्या बंदरात जहाज लागलं की भाजीपाला, दोरखंड, रंगाचे डबे, साबण, सगळं याच्या गोदामातून वर चढायचं. इथेच क्लेमेंटी भागात भाड्याचा फ्लॅट, बायको विनीता बुओना व्हिस्टा भागातल्या आयटी कंपनीत मॅनेजर, आणि नऊ वर्षांची जाई. माणूस मोठा लाघवी. एकदा एका जहाजावरच्या आचाऱ्याला सत्यनारायणासाठी चाळीस नारळ हवे होते आणि फॉर्मवर नारळाला रकानाच नव्हता. प्रबोधने ते 'सफाईचं सामान' या रकान्यात घातले. काथ्या निघतोच ना त्यातून, म्हणाला. कुणी विचारलं नाही. रकाना भरला की कागद गप्प बसतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि तेव्हापर्यंत तरी ते खोटं ठरलं नव्हतं.

जाईला कुत्रा हवा होता. घरमालकाची सक्त मनाई. दर वर्षी बाप सांगायचा, पुढच्या वर्षी बघू. २०१६ च्या जूनच्या सुट्टीत मात्र पोरीने इथल्या शाळकरी इंग्रजीत त्याला ऐकवलं, "पापा, यू ऑल्वेज से नेक्स्ट इयर लाह." ते त्याला लागलं. त्याने इंटरनेटवर शोधून जपानमधल्या एका खेड्याजवळची जागा काढली. डोंगरात, देवदारांच्या रानात तंबू ठोकून राहायचं, आणि येणारी कुटुंबं आपापले कुत्रे घेऊन येतात. आपला नसला तर नसला, दोन दिवस दुसऱ्यांच्या कुत्र्यांशी खेळेल पोरगी, असा त्याचा हिशेब.

पण मोठ्या जागा भरून गेल्या होत्या. एकच शिल्लक होती, दोन माणसं आणि एक कुत्रा एवढ्यांची. प्रबोधने क्षणभर विचार केला. नऊ वर्षांची पोर, कुत्र्यापेक्षा किती जास्त जागा अडवणार? कुत्र्याच्या रकान्यात नाव विचारलं होतं, लिहिलं जाई. वय नऊ. वजन सत्तावीस किलो. सगळ्या लशी टोचलेल्या आहेत का? आहेत. विनीता मागून वाचत होती. "अरे, पोरीला कुठे घालतोयस?" ती म्हणाली. यातलं एक अक्षर तरी खोटं आहे का दाखव, तो म्हणाला, आणि दोघं हसली. खरंच, अक्षर एकही खोटं नव्हतं.

तोक्योहून भाड्याची गाडी घेऊन चार तासांनी ते तिथे पोचले. बारीक पाऊस, रानाला ओल्या लाकडाचा आणि कुजक्या पानांचा वास. फाटकावर आडवा दांडा, बाजूला एक खोली, आणि खोलीत रबरी बूट घातलेली एक म्हातारी. भिंतीवर खिळ्यांच्या दोन रांगा होत्या, खिळ्यांवर नावं लिहिलेल्या लाकडी पट्ट्या. म्हातारीने त्यांचा छापील फॉर्म वाचला, ब्रशने तीन पट्ट्या लिहिल्या. दोन वरच्या रांगेत लावल्या, एक खालच्या. मग कमरेत वाकून तिने नवराबायकोला नमस्कार केला, आणि जाईकडे न पाहता आपला हात खाली नेला, बोटं आत मुडपून, हाताची पाठ जाईच्या नाकासमोर धरली. अनोळखी कुत्र्याला वास घेऊ देतात ना, तसा.

जाई खिदळली. प्रबोधलाही गंमत वाटली. म्हातारी हसली नाही. मोबाईलवरच्या भाषांतर करणाऱ्या आवाजाने तिचं बोलणं सांगितलं. फाटक पाचला बंद होतं, सकाळी सातला उघडतं. पाच वाजता मोजणी होते.

त्यांच्या जागेला कमरेएवढं कुंपण होतं. कडी बाहेरून. मध्ये एक खांब, खांबाला लोखंडी कडं, आणि खाली स्टीलच्या वाडग्यात पाणी आधीच भरून ठेवलेलं. आजूबाजूला पाचसहा तंबू, प्रत्येकापाशी एक कुत्रा. जाई कुंपणाला लटकून एकेकाला हाका मारत होती. एकही भुंकला नाही. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले, सगळे एकदम, मान न हलवता.

आणखी एक गोष्ट प्रबोधच्या उशिरा लक्षात आली. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, कुटुंबांसाठी. पण तिथे मूल एकही नव्हतं.

शेजारच्या तंबूपुढे एक बाई चित्रांचं पुस्तक घेऊन बसली होती, आणि समोर तपकिरी कुत्रा. ती एक पान वाचायची, पुस्तक फिरवून त्याला चित्र दाखवायची. लाडाने करतात लोक असं काहीबाही, म्हणून प्रबोध कौतुकाने बघत राहिला. एकदा तिच्या हातून दोन पानं एकदम उलटली. कुत्र्याने पंजा पुढे केला, पुस्तकावर ठेवला, आणि निसटलेलं पान हळूच मागे आणलं.

प्रबोधने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

जाईची बडबड म्हणजे काय सांगू. ती पोर झोपेतसुद्धा वाद घालते. त्या संध्याकाळी ती हळूहळू बोलायची थांबली. आधी मराठी गेली, मग इंग्रजीही तुटक झाली, मग नुसतं हुंकारणं. दमली असेल, विनीता म्हणाली. तिने छोट्या शेगडीवर वरणभात केला आणि दोन ताटं वाढली.

"जाईचं?" प्रबोधने विचारलं.

विनीता त्याच्याकडे बघत राहिली, एखाद्याने अवघड गणित घातल्यासारखी. "हो की," म्हणून तिने तिसरं ताट काढलं. जेवणं झाली. भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "झोपायच्या आधी तिला जरा फिरवून आण."

"कुणाला?"

"जाईला."

गॅस बंद केलास का, असं विचारावं त्या सुरात. उठून गाडीकडे जावं असं प्रबोधला वाटलं, पण दांडा खाली आलेला होता आणि म्हातारीच्या खोलीत दिवा नव्हता. रात्री त्याला ओल्या केसाळ अंगाचा वास आला. जाई आपल्या झोपायच्या पिशवीत नव्हती, तंबूच्या तोंडाशी अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. त्याने अर्धवट झोपेत हात लांबवून तिला कानामागे खाजवलं. तिने समाधानाने उसासा टाकला. त्यालाही बरं वाटलं... फार बरं वाटलं. हे तो स्वतःच सांगतो.

सकाळी धुकं होतं. दोन हातांवरचं दिसत नव्हतं. सात वाजून गेलेले, फाटक उघडलेलं, कुणी कुणाला अडवत नव्हतं. विनीता गुणगुणत सामान आवरत होती. ठरलेला दुसरा मुक्काम राहू दे, ती म्हणाली, पाऊस वाढेल, निघू या. प्रबोध तिच्यामागे पिशव्या उचलत होता आणि त्यालाही सगळं ठीकच वाटत होतं. मनात कुठेतरी काहीतरी टोचत होतं तेवढंच. जाईची शाळा कुठली? सुचेना. वाढदिवस? सुचेना. कुत्र्याला कसली शाळा, असं मनात आलं आणि तो स्वतःशीच हसला.

गाडीत बसण्याआधी पासपोर्ट बघून घ्यायची त्याची जुनी सवय. पाकीट उघडलं. एक त्याचा, एक विनीताचा, आणि एक तिसरा. तिसऱ्यात एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. कोण ही? कुणाचा पासपोर्ट आपल्याकडे आला? त्याने नाव वाचलं. आपल्या कुत्र्याचं नाव या मुलीला कसं, असा प्रश्न त्याला खरोखर पडला. मग शेवटच्या पानावर बापाचं नाव होतं, ते त्याने वाचलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, आणि तो चिखलातच बसला.

विचार करा. फाटक उघडं होतं. दोन माणसं, एक कुत्रा, बिनतक्रार बाहेर पडले असते. तोक्यो येईपर्यंत फोटोतली पोर त्यालाही परकी झाली असती. आणि विमानात कुत्र्याला कागदपत्रांशिवाय कोण घेतं? त्यांनी तिला तिथेच कुणाच्या तरी हवाली केलं असतं. वाईट वाटलं असतं, दोनचार दिवस.

तो पासपोर्ट छातीशी धरून धुक्यातून पळत सुटला. वाटेत मनात एकच घोकणं, मुलगी आहे, मुलगी आहे. म्हातारी खोलीत बसली होती, जणू त्याचीच वाट बघत. त्याने फोटो समोर ठेवला, मोबाईल पुढे केला. "ही माझी मुलगी आहे. मी चुकीच्या रकान्यात लिहिलं. माझी चूक आहे... मी मुद्दाम केलं."

म्हातारीने फोटो निरखून पाहिला. मग ती हळू आवाजात बोलली आणि मोबाईल सपाट सुरात म्हणाला, "नावं बदलता येतील. संख्या बदलता येणार नाही. संख्या काल पाच वाजता वर गेली."

"वर म्हणजे कुठे?"

तिने बोटाने खिडकीबाहेर दाखवलं. तिकडे डोंगर असावा. धुक्यात काही नव्हतं.

"दोन माणसं, एक कुत्रा," मोबाईल म्हणाला. "आले तितके जातील."

तिने त्याचा फॉर्म पुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. प्रबोधने जन्मभर या रकान्यातलं त्या रकान्यात केलेलं. तीन नावं, तीन जागा. जाईला वर न्यायचं तर कुणाला तरी खाली यायला हवं. त्याने विनीताच्या नावाकडेही पाहिलं. हे तो लपवत नाही. नजर तिथे गेली, थोडी थांबली, मग त्याने पेन उचललं, जाईचं नाव माणसांत लिहिलं आणि स्वतःचं खोडलं. खालच्या रकान्यात ते नीट, वळणदार अक्षरात लिहिलं. वय बेचाळीस. वजन अठ्ठ्याहत्तर. लशी... आहेत.

म्हातारीने उठून पट्ट्या बदलल्या. मग वळून तिने हात खाली आणला, बोटं आत मुडपली आणि हाताची पाठ त्याच्यासमोर धरली. प्रबोध सांगतो, त्याला त्या हाताचा वास आला. भाताचा, धुराचा, आणि त्यामागे आणखी कितीतरी जणांचा. एकेकाचा वेगळा.

धुक्यातून हाक आली, "पापा! वेअर यू गो? माय शूज ऑल वेट लाह!" जाई गाडीपाशी पाय आपटत उभी होती. प्रबोधने तिला कवटाळलं, ती वैतागली, मराठीतून वैतागली, आणि तो रडत रडत हसला. विनीताने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, गाडी मी चालवते. तिने तसं का म्हणावं, त्याने विचारलं नाही. तो मागे बसला आणि खिडकीची काच थोडी खाली केली. फाटकावर म्हातारीने बोटाने तीन मोजले. नमस्कार केला तो पुढच्या दोघींना.

या गोष्टीला आता कितीएक वर्षं झाली. जाई मोठी झाली, अजून वाद घालते, सगळं छान आहे. प्रबोध गोदामात जातो, माल पाठवतो, आणि कुठलाही फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेतो. मागच्या महिन्यात तो सेरंगूनच्या मॉलबाहेर दिसला. आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारासमोर एकटा उभा होता, शांत, दाराकडे बघत. दार उघडत नव्हतं. एक चिनी आजी मागून आली, दार उघडलं, आणि तो तिच्या पायाशी पायाशी आत गेला. काय रे, असं विचारलं तर ओशाळं हसून म्हणाला, "कुणी ना कुणी येतंच."

आता हे सगळं तुम्हालाच का सांगितलं, ते ऐका. आपल्या मराठी मंडळाच्या सहलीची यादी यंदा तुमच्याकडे आहे. कोणाकडून किती जण, ते तुम्ही फोन करून विचारणार. गेल्या वर्षी हे काम माझ्याकडे होतं, या माझ्या दुकानातूनच फोन केले होते, आणि विनीतावहिनींनी आकडा सांगितला तेव्हा त्यांच्या आवाजात कपट नव्हतं, कुणाबद्दल राग नव्हता. दोन, म्हणाल्या. आणि मग जरा थांबून प्रेमाने विचारलं, तिथे बाहेर सावली असेल ना?

तुम्हालाही त्या तसंच सांगतील. वाद घालू नका, हो म्हणा. पण एवढी विनंती आहे, यादी खरी ठेवा. माणसांच्या रकान्यात तीन लिहा, आणि तिसरं नाव पूर्ण लिहा.